40 किलोच्या कुत्र्याला एकाच कडीवर सोडू नका

आमचा दगडू 40 किलोचा आहे. रस्त्यात दुसरं कुत्रं दिसलं की तो मागच्या पायांवर उभा राहतो, घसा फुटेस्तोवर भुंकतो आणि सगळं अंग पुढे झोकून देतो. तो चावरा नाही. घरात माझ्या आईच्या पायावर हनुवटी टेकून झोपतो. अनोळखी कुत्र्यांची त्याला भीती वाटते, आणि एवढ्या मोठ्या जनावराची भीती लांबून बघणाऱ्याला रागासारखीच दिसते. ट्रेनिंग सुरू होऊन आठ महिने झाले. सुधारणा आहे, पण संथ आहे.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्याच्या लीशचा हुक उघडला. तुटला नाही, उघडला. समोरून कुत्रं आलं, दगडूने झेप घेतली, हिसक्यात हुक पिळला गेला, हार्नेसची, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांची, कडी नेमकी हुकाच्या खटक्यावर दाबली गेली आणि खटका मागे सरकला. माझ्या हातात नुसती लीश. दगडू रस्ता ओलांडून पलीकडे. समोरच्या माणसाने प्रसंगावधान राखून आपलं कुत्रं फाटकाच्या आत ओढलं, म्हणून दोन्ही कुत्री वाचली. त्या वेळी एखादी गाडी आली असती तर, हा विचार मला अजूनही रात्री जागं करतो.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा त्याचं सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि एकेक जोड हात लावून बघितला. एवढे महिने मी रंग बघितला होता, अस्तर किती मऊ आहे ते बघितलं होतं. तो आणि मी कशाने जोडलेलो आहोत, हे कधीच बघितलं नव्हतं. तिथून मी घरी शिवायला लागले.

आधी हिशेब सांगते, कारण तो मांडल्याशिवाय पुढचं पटणार नाही. 40 किलोचं कुत्रं ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर वेगाने लीशच्या टोकाशी पोचलं, तर त्याच्याकडे 500 ज्यूल ऊर्जा असते. ते 25 सेंटिमीटरच्या आत थांबलं तर सरासरी 2000 न्यूटन जोर बसतो. साध्या भाषेत, क्षणभर 200 किलो लटकल्यासारखं. ही सरासरी झाली, शिखर त्याहून वर जातं. मोठ्या कुत्र्याला दोन मीटरच्या लीशवरही एवढा वेग गाठता येतो. 10 मीटरच्या लांब दोरीवर त्याने दुप्पट वेग घेतला तर ऊर्जा चौपट होते. म्हणून लांब दोरी गळपट्ट्याला कधीच लावायची नाही, फक्त हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची. आणि ती दोरी धरताना हातमोजे हवेतच. उघड्या तळहातावरून दोरी सरसरत गेली की कातडी सोलली जाते.

आता पट्टी. सॅकच्या खांद्याला असते तशी विणलेली पट्टी तीन प्रकारांत मिळते: नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन. पहिल्या दोन चालतात. नायलॉन जास्त ताणतं, त्यामुळे हिसका थोडा मऊ बसतो, पण ते पाणी पितं. पॉलिएस्टर कमी ताणतं आणि उन्हात जास्त टिकतं. पॉलिप्रॉपिलीन दिसायला तसंच असतं, पण उन्हाने लवकर झिजतं आणि साधारण 160 अंशालाच वितळतं. नायलॉन आणि पॉलिएस्टर 220 अंशांच्या पुढे वितळतात. ओळखायचं कसं? लहान तुकडा कापा, पाण्यात बुडवून बोटांनी दाबून त्यातली हवा काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. मी आणलेल्या पहिल्या गुंडाळीचा तुकडा तरंगला. तिच्यातून आता खाऊच्या पिशवीचे बंद होतात.

रुंदी 25 मिलिमीटर घ्या. त्याहून अरुंद पट्टी ताकदीला पुरेल, पण हाताला कापते. कापलेलं टोक मेणबत्तीवर वितळवून बंद करा आणि तो कडक झालेला काठ घासून गोल करा. ती धार कुत्र्याच्या काखेत घासते आणि बिचारं सांगू शकत नाही.

शिवणीबद्दल मात्र मला भरभरून बोलायचंय, कारण घरी केलेलं सामान फाटतं ते शिवणीत. पट्टी दुमडून शिवायची ती चौकट आणि आत फुली अशी. दोरा सुती नको. सुती दोरा ओलाव्याने कुजतो आणि बाहेरून ठाकठीक दिसत राहतो. जाड नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा घ्या. मी वापरते तो दोरा साधारण 5 किलोला तुटतो. जोड 8 सेंटिमीटर लांब ठेवला आणि टाका 3 मिलिमीटरचा घातला, तर चौकट आणि फुली मिळून सव्वाशेच्या आसपास टाके बसतात. सगळे टाके सारखा भार घेत नाहीत. निम्मेच कामाला येतात असं धरलं, तरी 300 किलोच्या वर जातं. 3 सेंटिमीटरच्या जोडात हाच हिशेब करून बघा. बऱ्याच छान दिसणाऱ्या लीशचा जोड तेवढाच असतो.

घरगुती शिलाई मशीन एवढ्या जाडीवर टाके चुकवतं. मी दाभणाने भोकं पाडून, दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून टाका घेते. चामड्याचं काम करणारे घेतात तसा. एक दोरा झिजला तरी दुसरा धरून राहतो. एका जोडाला मला पाऊण तास लागतो. आणि एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं: काळ्या पट्टीवर काळा दोरा वापरू नका. मी पांढरा वापरते. तुटलेला टाका लांबून दिसतो.

शिवता येत नसेल तर दोर आणि गाठ हाही चांगला मार्ग आहे. 10 मिलिमीटरचा, आत गाभा आणि वर विणलेलं कवच असलेला गिर्यारोहणाचा दोर घ्या आणि इंग्रजी आठच्या आकड्याची दुहेरी गाठ मारा. गाठीने दोराची ताकद साधारण पंचवीस टक्क्यांनी कमी होते, पण मुळात ती एवढी असते की फरक पडत नाही. गाठीबाहेर शेपूट चांगलं वीतभर सोडा. दुसऱ्याने वापरून टाकलेला जुना दोर मात्र घेऊ नका, त्याने काय काय सोसलंय ते आपल्याला माहीत नसतं.

धातू घरी करायचा नाही, आणि धातूत काटकसर करायची नाही. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हुक चकचकीत असतात. ते वाकत नाहीत, सरळ तुटतात, म्हणजे आधी इशाराही मिळत नाही. कडी घ्यायची ती जोड वितळवून बंद केलेली, पोलादाची. नुसत्या वाकवलेल्या कडीची फट जोरात उघडते. पाठीवरच्या कडीला मी स्क्रू फिरवून बंद होणारा कॅराबिनर, म्हणजे गिर्यारोहक दोर अडकवायला वापरतात तो हुक, लावते. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. लांबीच्या दिशेने 20 किलोन्यूटन म्हणजे साधारण 2000 किलो. तोंड उघडं राहिलं किंवा भार आडवा आला तर तोच आकडा बराच खाली येतो, म्हणून स्क्रू बंद आहे की नाही हे बोटाने चाचपल्याशिवाय मी दार उघडत नाही. किल्ल्यांना लावायचे त्याच आकाराचे हुक मिळतात, ते यासाठी नव्हेत.

आणि आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. कितीही मजबूत असो, एका जोडावर विसंबू नका. माझ्या लीशला कुत्र्याच्या बाजूला दोन शेपट्या आहेत. एक हार्नेसच्या पाठीवरच्या कडीत जाते. दुसरी गळपट्ट्यात, आणि ती पहिलीपेक्षा बोटभर जास्त लांब ठेवलेली आहे, म्हणजे रोजच्या चालण्यात तिच्यावर भार येतच नाही. पहिली सुटली तरच ती कामाला येते. दोन्हींचे हुक वेगळ्या प्रकारचे आहेत, कारण ज्या पद्धतीने एक उघडतो त्याच पद्धतीने दुसराही उघडला तर दोन असून उपयोग काय?

गळपट्टा मार्टिंगेल पद्धतीचा आहे. ओढल्यावर थोडा आवळतो आणि ठरलेल्या मापाला थांबतो. पूर्ण आवळल्यावर तो मानेला फक्त टेकला पाहिजे, दाबता कामा नये, पण डोक्यावरून निघताही कामा नये. घाबरलेलं कुत्रं पुढे ओढून सुटत नाही, मागे सरकून सुटतं. डोकं खाली घालतं, कोपरं आत घेतं आणि हार्नेसमधून मोजा काढावा तसं बाहेर येतं. तुमच्या घरात, दार बंद करून, हे करून बघा. खाऊ दाखवत मागे मागे बोलवा. हार्नेस सरकला तर तो कुठे सरकतोय ते नीट बघा. दगडूचा सरकला होता. मी बरगड्यांच्या मागे तिसरा पट्टा जोडला.

हार्नेस शिवायचाच असेल तर आधी जुन्या चादरीच्या पट्ट्यांचा कच्चा नमुना करा. छातीवर वाय आकार हवा, खांद्याचं हाड मोकळं हलायला हवं. माझा पहिला पट्टा कोपराच्या फार जवळ आला आणि चार दिवसांत दगडूची काख लाल झाली. त्याला दुखत होतं आणि मला ते आंघोळ घालताना कळलं, याचं वाईट वाटतं. आता पट्टा कोपरापासून चार बोटं मागे आहे आणि आतून मऊ सुती कापड आहे.

हाताकडच्या बाजूला दोन मुठी. एक टोकाला, एक हुकापासून फूटभर अंतरावर, एकदम जवळ धरायची वेळ आली तर. टोकाची मूठ मनगटात अडकवू नका. अंगठ्यात घ्या आणि मूठ मिटा. मनगटात अडकलेली दोरी माणसाला खाली पाडून फरफटत नेते. याच कारणासाठी कमरेला बांधायचा पट्टा मी शिवून पुन्हा उसवला. हात मोकळे राहतात हे खरं, पण 40 किलोचा हिसका थेट पाठीच्या कण्याला बसतो आणि पडल्यावरही तुम्ही त्याला बांधलेलेच असता. शांत कुत्र्याबरोबर धावायला तो ठीक असेल. भडकणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी नाही.

मुसकं तर घरी अजिबात करू नका. कापडाची नळी शिवून तोंडावर चढवलेली मी पाहिली आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं. तोंड बंद झालं की ते आतून तापत जातं. पिंजऱ्यासारखं, आत तोंड पूर्ण उघडता येईल असं मुसकंच घ्या आणि त्यात खाऊ ठेवून कित्येक आठवडे सवय लावा. दगडू आता स्वतःहून नाक घालतो.

फासाची साखळी किंवा काट्यांचा पट्टा लाव, दोन दिवसांत सरळ होईल, असा सल्ला मला जवळजवळ रोज मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण मी तो मानणार नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 26 कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळपट्ट्यावर ओढताना तो वाढला, हार्नेसवर ओढताना नाही. तोही साध्या गळपट्ट्याने. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेविअर या पशुवैद्यांच्या संस्थेने 2021 च्या निवेदनात बक्षिसावर आधारित पद्धतीच वापरायला सांगितलं आहे. आणि संस्थेचं सोडा, जे आधीच घाबरलंय त्याला दुसरं कुत्रं दिसताक्षणी गळ्यात दुखलं, तर ते काय शिकेल? दुसरी कुत्री आली की दुखतं, हेच.

नवी वस्तू तयार झाली की लगेच बाहेर नेत नाही. आधी खांबाला अडकवून मी आणि भाऊ दोघं मिळून हिसके देतो. मग घरात पाच पाच मिनिटं, खाऊ देत देत, दगडूच्या अंगावर. दर रविवारी सगळे टाके, कड्या, कॅराबिनरचा स्क्रू बघते. टाका तुटलेला असेल तर तो जोड उसवून पुन्हा घालते. पट्टीला लव सुटली असेल तर ती लीश संपली.

या सामानाने दगडू शहाणा झाला नाही. शिकवतं ते अंतर आणि सराव: समोरचं कुत्रं एवढं लांब असावं की तो त्याच्याकडे बघून पुन्हा माझ्याकडे बघू शकेल, आणि त्या क्षणी खाऊ. पण हुक उघडल्यापासून मी लीश सतत ताणून धरायला लागले होते. ती ताणली की तोही ताठ व्हायचा, आणि कुत्रं दिसायच्या आधीच आम्ही दोघं घाबरलेले असायचो. आता दोन जोड आहेत, दोन्ही मी स्वतः घातलेत, तेव्हा हात सैल राहतो. परवा रस्त्याच्या पलीकडून एक कुत्रं गेलं, साधारण 15 मीटरवरून. दगडूने कान टवकारले, बघत राहिला, आणि वळून माझ्या खिशाकडे आला. लीश पूर्ण वेळ जमिनीकडे झुललेली होती.

कुणाला शिवायचं असेल तर कुत्र्याचं वजन, मानेचा घेर, डोक्याचा घेर आणि कोपरामागचा छातीचा घेर कमेंटमध्ये लिहा. पट्टी किती लागेल ते मी काढून देईन.