गाजर काठीला की गाजर आणि काठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण सविस्तर आणि सडेतोड लिहिलेत, त्याबद्दल आभार. ‘कॅरट अँड स्टिक’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ मी ‘बक्षीस आणि शिक्षा’ असा दिला होता. त्यावर आपला आक्षेप असा, की मूळ चित्रातली काठी मारण्यासाठी नसतेच. तिच्या टोकाला गाजर बांधून ते गाढवाच्या तोंडापुढे धरलेले असते, म्हणून खरा अर्थ केवळ ‘आमिष’ एवढाच होतो.

असे चित्र इंग्रजीत आहे, हे मान्य. मात्र त्यासाठीचा शब्दप्रयोग ‘कॅरट ऑन अ स्टिक’ असा आहे, आणि ‘ऑन’च्या जागी ‘अँड’ आले की काठी गाढवाच्या मागे जाते. मे १९४३ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकार परिषदेत चर्चिल यांनी इटलीला गाढवाची उपमा देऊन त्याला दोन्ही टोकांनी, गाजराने आणि काठीने, हाकण्याची भाषा केली. गाजर काठीलाच बांधलेले असते, तर दुसरे टोक आले कुठून? दोनच महिन्यांनी, १६ जुलैला, रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी संयुक्त संदेशाद्वारे इटालियन जनतेला फॅसिस्ट राजवट झुगारण्याचे आवाहन करून युरोपात सन्मानाच्या स्थानाची आशा दाखवली, आणि १९ जुलैला रोमवर बॉम्ब पडले. जर्मन आणि रशियन भाषांतही अशा प्रसंगी गोड खाऊ आणि चाबूक यांचीच जोडी येते. चाबकाला खाऊ टांगण्याचे कोणाच्या डोक्यात आलेले दिसत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. टांगलेले गाजर गाढवाला कधीच मिळत नाही, कारण ते त्याच्याबरोबरच पुढे सरकते. ती शुद्ध फसवणूक झाली. उलट ‘गाजर आणि काठी’ या धोरणात ऐकणाऱ्याच्या पदरात गाजर खरोखर पडावे लागते, नाहीतर पुढच्या खेपेला नुसती काठीच हाती उरते. आपल्याकडे ‘गाजर दाखवणे’ म्हणजे पोकळ आश्वासन देणे, हा अर्थ आपल्या चित्राच्या जवळचा आहे, आणि मला वाटते, गल्लत तिथेच होत असावी.

आपला दुसरा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ‘साम, दाम, दंड, भेद’ हा या वाक्प्रचाराचा मराठी पर्याय म्हणून देणे ही माझी चूकच होती, कारण त्यातले दाम आणि दंड तेवढे इथे लागू पडतात. समजुतीने घेणाऱ्या सामाला आणि फूट पाडणाऱ्या भेदाला या गाढवाच्या गोष्टीत जागाच नाही. लेखातून ते वाक्य काढले आहे.