पालिकेनं दहावीपर्यंत शाळा का चालवावी? कोपरीकर काकांना उत्तर

कोपरीकर काका, तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळी लिहायला बसले आणि ते एवढं वाढत गेलं की वेगळंच टाकतेय.

बाकीच्यांसाठी आधी सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी ठाणे आणि नवी मुंबईतल्या सरकारी नि पालिकेच्या हायस्कुलांचा इतिहास आणि तिथे आज मुलांसाठी काय काय चालतं यावर लिहिलं होतं. काकांचं म्हणणं असं, की ठाण्याला शिकवलं ते खाजगी संस्थांनी, पालिकेनं रस्ते, पाणी, गटारं बघावीत, फार तर सातवीपर्यंत शाळा चालवावी, त्यापुढची माध्यमिक शाळा ही निव्वळ हौस आहे, मी दिलेली योजनांची यादी म्हणजे होर्डिंगवरचा मजकूर आहे, खरं काय ते दहावीच्या निकालात दिसतं. आणि शेवटी, तुमची स्वतःची मुलं कुठे जातात हो ताई?

शेवटचंच आधी सांगून टाकते. माझी मुलगी ठाण्यातल्याच एका अनुदानित मराठी शाळेत जाते. म्हणजे तुमच्या हिशोबात "खाजगी". पण तिच्या बाईंचा पगार कोण देतं काका? शासन देतं. अनुदानित शाळा संस्थेची असते, पाटीवर संस्थेचं नाव असतं, शिक्षक नेमायचे ते संस्था नेमते (आता शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून), पण पगाराचे पैसे सरकारी तिजोरीतून येतात. ही पद्धत आजची नाही, १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणपत्रापासूनची आहे, सरकारनं स्वतः शाळा कमी काढायच्या आणि जे काढतील त्यांना ग्रँट द्यायची. पुढे १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगानं तर सरळ सुचवलं की माध्यमिक शिक्षणातून सरकारनं हळूहळू अंग काढून घ्यावं आणि ते संस्थांवर सोपवावं. त्याच आयोगापुढे आपल्या जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं होतं, की शेतसारा भरतो शेतकरी आणि तो पैसा खर्च होतो वरच्या वर्गाच्या वरच्या शिक्षणावर, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. प्राथमिकच्या सक्तीला पुढे किती दशकं लागली ते आपल्याला माहितीये, माध्यमिकचं मात्र आयोग म्हणाला तसंच झालं, संस्था पुढे आणि सरकार मागे.

म्हणून जिल्ह्याच्या गावाला एखादं सरकारी हायस्कूल नमुन्यादाखल आणि बाकी सगळं संस्थांचं, असं चित्र सगळीकडे दिसतं. आपल्याकडे ठाण्यात ते सरकारी हायस्कूल म्हणजे बी. जे. हायस्कूल, ज्याला दानशूर पारशी गृहस्थ बैरामजी जीजीभॉय यांचं नाव आहे (पुण्याच्या बी. जे. मेडिकललाही त्यांचंच नाव आहे, हे कित्येकांना माहीत नसतं), ते आज जिल्हा परिषदेकडे आहे. त्यामुळे संस्थांनी ठाणं शिकवलं हे तुमचं म्हणणं मी नाकारतच नाहीये. मो. ह. विद्यालयासारख्या शाळांशिवाय जुनं ठाणं डोळ्यासमोर येतच नाही. पण ते संस्थांनी केलं कारण ते त्यांच्यावर सोडलं होतं, आणि सोडणाऱ्यानं ग्रँटही दिली. ह्यातून "पालिकेनं करूच नये" हे कसं निघतं ते मला कळलं नाही.

आता पालिका सातवीलाच का थांबायची, तर ह्यात आळस वगैरे काही नाही, कायदाच तसा होता. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, त्यात स्थानिक संस्थेवर जबाबदारी टाकली ती प्राथमिकची, आणि प्राथमिक म्हणजे आपल्याकडे सातवीपर्यंत. ठाणे महापालिका झाली १९८२ ला, नवी मुंबईची १९९१ च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि तिच्याकडे गावागावातल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आल्या, त्याही बहुतेक सातवीपर्यंतच्याच. सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं, नोड (वसाहतींचे विभाग) आखले तेव्हा शाळांचे प्लॉट संस्थांना सवलतीत दिले, त्यातल्या काही संस्थांनी खरंच चांगलं काम केलं, वाशीला रयत शिक्षण संस्थेचं मॉडर्न स्कूल बघा. पण दिघा, तुर्भे स्टोअर किंवा इकडे मुंब्र्याच्या चाळीतलं पोरगं सातवी पास झालं की हातात शाळा सोडल्याचा दाखला, आणि आता जा कुठे जायचं तिथे. जवळच्या अनुदानित शाळेत पाचवीपासूनची मुलं आधीच वर्गात बसलेली असतात, आठवीत जागा असेल तर घेणार. लांबची शाळा म्हणजे रोजची एनएमएमटी किंवा टीएमटीची बस आणि मुलगी असेल तर घरचे म्हणतात राहू दे. गळती गळती म्हणतो ना आपण, ती ह्या सांध्यावरच व्हायची.

२०१० च्या एप्रिलपासून आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, लागू झाला आणि हा सांधा सातवीवरून आठवीवर सरकला, एवढंच झालं. सहा ते चौदा वय, पहिली ते आठवी. पोषण आहार आठवीपर्यंत. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेची मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. तोच मुलगा, तीच इमारत, जूनमध्ये नववीत गेला की खिचडी बंद! त्यामुळे पालिका जेव्हा स्वतःच्या बजेटमधून नववी-दहावी चालवते, गणवेश-वह्यांचे पैसे खात्यात टाकते, तेव्हा ती हौस करत नसते, कायदा जिथे पोराचा हात सोडतो तिथून पुढची दोन वर्षं ती भरून काढते. रस्त्यावरचे खड्डे बुजवायलाच हवेत हो, पण शाळेचे पैसे कापून खड्डे बुजतात असं मी तरी अजून पाहिलं नाही.

निकालाचं. २०२५ ला अख्ख्या राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के होता. जिथे सगळेच पास होतात तिथे शाळेच्या गेटवरच्या शंभर टक्क्यांच्या बॅनरनं नक्की काय कळतं? तुम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकच्या शेवटच्या बॅचचे असं लिहिलंय, म्हणजे १९७५, त्याच वर्षी नवी दहावीही बसली. तेव्हा मॅट्रिक पास म्हणजे पेढे वाटायचे. आता निकाल चकचकीत ठेवायची एक युक्ती सगळ्या शिक्षकांना माहितीये, कच्च्या मुलाला नववीतच अडवायचं आणि पालकांना बोलावून सांगायचं की सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. आमच्या शेजारच्या मुलाचं असंच झालं, शाळेचं नाव घेत नाही, चांगली नावाजलेली आहे. तो मुलगा त्या शाळेच्या निकालात दिसणारच नाही. म्हणून मी विचारते की आठवीला पटावर किती होते आणि त्यातले किती दहावीला त्याच शाळेतून बसले. ह्या प्रश्नात पालिकेच्या सगळ्या शाळा उजव्या ठरतील असा माझा दावा नाही. पण आधी प्रश्न तर बरोबर विचारूया.

योजनांच्या यादीवर तुम्ही चिडलात ते थोडं समजू शकते, अटल टिंकरिंग लॅबचं (मुलांनी यंत्रं-उपकरणं हाताळून शिकायची शाळेतली प्रयोगशाळा) कुलूप फक्त पाहुणे आले की उघडतं असं मीही ऐकलंय. खोके भरून सामान येतं, शिकवणारा माणूस येत नाही. शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाला, माध्यमिकला महिना १८,००० रुपये, तेही २०२३ मध्ये वाढवले तेव्हा, त्याआधी ८,००० होते. वर बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांच्या कामाची, ड्युटी. पण त्याच यादीतल्या एनएमएमएस ह्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला होर्डिंग म्हणू नका प्लीज. आठवीत परीक्षा, पास झालं आणि गुणवत्तेत आलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट खात्यात, आणि ती फक्त सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. घरकाम करणाऱ्या बाईच्या घरात महिन्याला हजार रुपये आले की पोरीचं शिक्षण थांबवायचं एक कारण कमी होतं.

आणि आता जे तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची तेरा वर्षांची मुलगी सातवीनंतर घरी बसलीये, कारण जुन्या शाळेचा दाखला गावाहून आला नाही. काका, दाखल्यासाठी तिला अडवता येत नाही. आरटीईच्या कलम ५ मध्ये लिहिलंय की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, आणि कलम १५ प्रमाणे शाळा सुरू होऊन महिने झाले तरी नाही. पालिकेच्या जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, आठवीत बसवा म्हणा, सातवीचं प्रगतिपुस्तक असेल तर घेऊन जा. सातवीत ५५ टक्के असतील (एससी-एसटी असेल तर ५०) तर एनएमएमएसचा फॉर्म शाळेकडूनच भरायला सांगा, परीक्षा साधारण डिसेंबरात असते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला साडेतीन लाख आहे, तो उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून निघतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच अर्ज टाकायला लावा. ताई एकट्या गेल्या तर कदाचित उद्या या म्हणतील, तुम्ही सोबत गेलात तर बरं. कुठे अडलं तर इथेच खाली लिहा.