घरच्यांना कळतं

आज संध्याकाळी ऑफिसातल्या एका मित्रासोबत टीव्ही बघायला गेलो होतो. त्याच्या बजेटमध्ये दोन बसत होते. एक ६५ इंची, एक ५५ इंची, किंमत जवळपास सारखीच. मित्र सारखा त्या ५५ इंचीकडे वळून बघत होता, कारण फरक त्याला दिसत होता. तेवढ्यात विक्रेता म्हणाला, "साहेब, घरच्यांना कुठे कळतंय क्वालिटी? त्यांना मोठा पाहिजे. इंच बघा." आणि मित्राने मान डोलावली! घरी येऊन जेवलो, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

घरच्यांना कळतं हो. फक्त "याचा कॉन्ट्रास्ट कमी आहे" असं त्यांना म्हणता येत नाही. कॉन्ट्रास्ट म्हणजे पडद्यावरच्या पांढऱ्या आणि काळ्यातला फरक.

आमच्या अण्णांचं सांगतो. धाकट्या भावाने हौसेने भिंतभर टीव्ही आणला. एका रात्री सगळे मिळून सिनेमा बघत होतो. काळोखं घर, जिना, कुणीतरी दबक्या पावलांनी वर चढतंय. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. थोड्या वेळाने पुन्हा पुसला. मग हळूच मला विचारलं, "जिन्यात कोण आहे रे?" मलाही दिसत नव्हतं. पडद्यावर काळं असं काही नव्हतंच, सगळं राखाडी, धुरकट. खाली सबटायटल उमटलं की अख्खा काळोख जरासा उजळायचा, ते गेलं की परत मंदावायचा. अण्णा पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "डोळे दाखवून यायला हवेत, नंबर वाढलाय बहुतेक."

नंबर वाढला नव्हता. तोच सिनेमा आमच्याकडच्या लहान टीव्हीवर लावला, तर जिन्यातला माणूस त्यांनी माझ्याआधी ओळखला.

आता मला सांगा, याला "घरच्यांना कळत नाही" म्हणायचं? त्यांना कळलं होतं. त्यांनी दोष स्वतःच्या डोळ्यांना दिला, इतकंच. घरोघरी हेच होत असणार आणि त्या जिवावर हे लोक इंच विकतात.

मुळात एलसीडी टीव्हीत मागे दिवे लागलेले असतात आणि पुढचं पॅनेल तो उजेड अडवतं. पूर्ण अडवता येत नाही, थोडा झिरपतोच. या पॅनेलचे दोन प्रकार, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेलवर पांढरं हे काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतं, व्हीए पॅनेलवर तीन हजारपट किंवा त्याहूनही जास्त. रात्री दिवे मालवून बसलात की हा फरक थेट अंगावर येतो. लोकल डिमिंग असेल तर मागचे दिवे भागाभागाने मंद होतात आणि काळोख काळोखासारखा दिसतो. पैसे खरे लागतात ते इथे. स्वस्तात मोठा पडदा द्यायचा तर कात्री पहिली इथेच लागते, कारण खोक्यावर हे कुणी वाचत नाही.

खोक्यावर काय असतं? फोर के. अहो, आज एवढ्या मोठ्या टीव्हीत फोर के नसणाराच शोधावा लागेल! ३८४० गुणिले २१६० पिक्सेल दोघांतही तेवढेच, मग त्यात सांगण्यासारखं काय? दुसरं एचडीआर, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला फरक जास्त ठेवून बनवलेलं चित्र. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की टीव्ही तो सिग्नल घेतो. सिनेमा १००० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) हिशेबाने बनवलेला आणि पॅनेलची झेप ३०० च्या आसपास, तर दाखवणार कुठून? ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, मागे दिवे नसतात. क्यूएलईडी लिहिलंय म्हणून त्याचा भाऊ समजू नका, तो मागून दिवे लावलेला एलसीडीच. हे सगळं त्या विक्रेत्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तसा त्या पोरावर राग धरून उपयोग नाही म्हणा. त्याच्या डोक्यावर टार्गेट असणार, दिवसभर उभा असतो बिचारा. पण मग "कळत नाही" म्हणू नये. माझ्या डोळ्यांसमोर चष्मा पुसणारे अण्णाच येतात.

दिवसाउजेडी मॅच आणि बातम्याच बघायच्या असतील तर स्वस्त मोठा टीव्ही चालतो, मान्य. ६५ इंचीचा पडदा ५५ पेक्षा जवळजवळ ४० टक्के मोठा भरतो आणि लांबून बसणाऱ्याला तो लागतो, हेही मान्य. पण तोच कमी दर्जाचा स्ट्रीम ताणून मोठा केला की त्यातले चौकोन आणि डागही तेवढेच मोठे होतात, हे पण धरा ना हिशेबात. पैसे तेवढेच असतील तर एक साइज खाली या आणि चांगलं पॅनेल घ्या. यावर माझ्याशी कुणी कितीही वाद घातला तरी मी हलणार नाही.

दुकानात लख्ख दिवे असतात, टीव्ही सगळ्यात भडक मोडवर असतो आणि दाखवतात काय, तर फुलं आणि पोपट. त्यात काळं कुठून दिसणार? पेन ड्राइव्हवर रात्रीचा एखादा प्रसंग घेऊन जा. मोड सिनेमा किंवा मूव्ही करायला लावा. कुरकूर केली तरी करायला लावा, पैसे तुमचे आहेत. मग बाजूला सरकून बघा, कारण घरी सगळेच काही समोर बसत नाहीत आणि व्हीए पॅनेलचे रंग बाजूने फिके पडतात. (कडेच्या खुर्चीत घरातलं कोण बसतं ते आठवा.) मैदानावरून कॅमेरा फिरतो तो भाग लावा, हिरव्यावर मळकट पट्टे सरकताना दिसले तर ते पॅनेलचेच.

आणि घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्या. त्यांना विचारा, "यात काय चाललंय ते दिसतंय का?" उत्तराला वेळ लागला तर तो टीव्ही सोडा, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंतर न्या. टीव्ही घरी आला की पहिल्याच रात्री दिवे बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावा, परत करायची मुदत असेल तर ती संपायच्या आतच.

तुमच्यापैकी कुणाची खरेदी ठरली असेल तर मला मेसेज करा. मी सोबत येतो, पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे.