दुधावर दोन टक्के, साबणावर सहा

आमचे बाबा नाशिकहून आलेत. पस्तीस वर्षं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान चालवलेला माणूस. इथे आल्यापासून टीव्हीपेक्षा बिलं वाचण्यात त्यांचा जीव जास्त रमतो. परवा किराण्याची पावती घेऊन बसले. "अरे, यांची चूक झालीय बघ. दुधावर दोन टक्के लावलाय आणि भांड्याच्या साबणावर सहा."

चूक नव्हती. आम्ही राहतो अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या ईशान्येला, ग्विनेट काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच. राज्याचा विक्रीकर 4 टक्के, पण घरी शिजवायच्या किराण्यावर राज्याने तो माफ केलाय. उरतात स्थानिक दोन टक्के, एक शाळांच्या इमारतींसाठी आणि एक काउंटीचा. या काउंटीवाल्या एका टक्क्याचं नाव स्प्लॉस्ट, म्हणजे स्पेशल पर्पज लोकल ऑप्शन सेल्स टॅक्स, ठरावीक कामांसाठीचा स्थानिक विक्रीकर. नाव घेता घेता दूध नासेल!

बाबा म्हणाले, "म्हणजे जकातच की."

मी आधी हसलो. मग वाटलं, फार चुकलेले नाहीत. आय-85 महामार्गावरून येणारा, मॉल ऑफ जॉर्जियात खरेदी करून जाणारा शेजारच्या काउंटीतला माणूसही आमच्या रस्त्यांना हातभार लावून जातो. गावात शिरणाऱ्या मालाकडून गावाचा खर्च काढायचा, हा विचार जकातीचाच. फक्त नाशिकजवळच्या विल्होळीच्या नाक्यासारखी ट्रकची रांग नाही आणि खिडकीतल्या साहेबाचा मूडही बघावा लागत नाही.

पण खरा फरक वेगळा आहे आणि ही पोस्ट त्यासाठीच लिहितोय. हा कर आपोआप लागत नाही, तो मागावा लागतो. जॉर्जियाच्या विधिमंडळाने 1985 साली कायदा केला. त्यानुसार काउंटीने आधी सांगायचं की कशासाठी हवाय, किती रकमेपर्यंत, किती वर्षं. काउंटी आणि तिच्यातली शहरं यांचा करार असेल तर जास्तीत जास्त सहा वर्षं. हे सगळं मतपत्रिकेवर छापून येतं आणि लोक हो किंवा नाही म्हणतात. नाही म्हणाले तर विषय संपला. हो म्हणाले तर पैसा वेगळ्या खात्यात राहतो, सांगितलेल्या कामांवरच खर्च होतो आणि दरवर्षी वर्तमानपत्रात हिशेब छापावा लागतो. रस्ते, फुटपाथ, पूल, बागा, अग्निशमन केंद्रं, अगदी बंबसुद्धा यातून घेता येतो. त्या बंबावरच्या माणसांचा पगार मात्र देता येत नाही. तो घरपट्टीतून. आमच्याकडे रस्त्यांची कामं निवडायला नागरिकांची समिती असते, त्यात शाळांची, सोसायट्यांची, व्यापाऱ्यांची, ज्येष्ठांची माणसं बसतात.

बाबांना त्या यादीचं फार कौतुक वाटलं. "आधी यादी, मग पैसे. आमच्याकडे गिऱ्हाईक असंच यायचं."

आता माझी तक्रार. दूध, भाजी, पिठावरचा हा स्थानिक कर मला पटत नाही. महिना दोन लाख डॉलर कमावणारा काही दहापट दूध पीत नाही. ज्याच्या पगाराचा मोठा वाटा किराण्यातच जातो त्याला हा एक टक्का जास्त बोचतो. फुटपाथ सगळ्यांनाच लागतो, मान्य. म्हणून तो दुधातून काढायचा?

दुसरी गोष्ट आपल्या मंडळींची. इथले कितीतरी मराठी लोक एच-वनबी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांची वर्षानुवर्षं गेली. दर शनिवारी डाळ-तांदूळ घेताना ते स्प्लॉस्ट भरतात, मत मात्र देता येत नाही. मीही बरीच वर्षं असाच भरत होतो. नोव्हेंबर 2022 मध्ये ग्विनेटने सहा वर्षांसाठी स्प्लॉस्टला पुन्हा होकार दिला, तेव्हा पहिल्यांदा मलाही विचारलं गेलं. हो म्हणालो. किराण्याची तक्रार मनात ठेवून हो म्हणालो, कारण ती यादी मी वाचली होती आणि त्यातले दोन रस्ते माझ्या रोजच्या वाटेवरचे होते.

लोक प्रत्येक वेळी हो म्हणतात असं नाही बरं का. नोव्हेंबर 2024 मध्ये याच काउंटीत बससेवेसाठी आणखी एक टक्का मागितला, तीस वर्षांसाठी. लोकांनी नाकारला. 2019 आणि 2020 मध्येही असेच प्रस्ताव पडले होते. मी बसच्या बाजूने होतो, वाईट वाटलं. पण तीस वर्षं ही मुदत नव्हे, जवळपास जन्मठेप! सहा वर्षांचं वचन लोक तपासू शकतात, तीस वर्षांचं कोण तपासणार?

अर्थात स्प्लॉस्टही इथे 1985 पासून पुन्हापुन्हा मंजूर होत आलाय, म्हणजे "तात्पुरता" हा शब्द तसा सैलच. तरी दर वेळी विचारावं लागतं, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

बाबांना मी विचारलं, जकात गेली तेव्हा बरं वाटलं ना? ते म्हणाले, वाटलं तर. 2013 मध्ये जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तेव्हा व्यापाऱ्यांबरोबर तेही मोर्चात होते. 2015 च्या ऑगस्टमध्ये बहुतेकांचा एलबीटी सुटला आणि 2017 मध्ये जीएसटीबरोबर मुंबईची जकातही गेली. आता महापालिकांना राज्याकडून भरपाई मिळते. नाका गेला ते उत्तमच झालं. पण थोडं थांबून ते म्हणाले, "नाक्यावर निदान भांडता यायचं रे. आता माझ्या गल्लीच्या डांबराचे पैसे मुंबईहून येतात. मी भांडू कोणाशी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा टाकला.

आमचा सध्याचा स्प्लॉस्ट मार्च 2029 मध्ये संपतोय. त्याआधी नवी यादी येईल. बाबांनी बजावून ठेवलंय की ती आली की आधी त्यांना व्हॉट्सॲप करायची, मराठीत समजावून. आणि दुधाची पावती त्यांनी पाकिटात घडी करून ठेवलीय, नाशिकला कट्ट्यावर दाखवायला.