काळ्या पायऱ्या, पांढरी चादर

नमस्कार सर,

वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं माझं जलरंगातलं चित्र आणि त्यासोबतचा मजकूर यांवर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, की दोन ओळींत आभार मानून उरकणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: 'वस्तू रंगवू नका, नातं रंगवा' हे माझं वाक्य म्हणजे शब्दांची कसरत आहे; घाटाचा दगड काळा असताना मी पायऱ्या जवळजवळ कोऱ्या सोडल्या; घाटाच्या माझ्याच फोटोवर कलर पिकर (फोटोतल्या एका ठिपक्याचा नेमका रंग दाखवणारं साधन) लावला तर दगड गडद निघतो; मागचा डोंगर अंगावर येतो. आणि चाळीस वर्षं मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, पण या 'नात्या'ची गरज कधी पडली नाही.

हे शेवटचं काही मला पटत नाही. वस्तुचित्राच्या तासाला तुम्ही मुलांना काय सांगत होतात? हात ताठ, पेन्सिल उभी, एक डोळा मिटा आणि बादलीच्या उंचीत तिची रुंदी किती वेळा बसते ते बघा. पट्टी घेऊन बादली मोजायला कुणी उठलं असतं तर तुम्हीच खाली बसवलं असतंत. बादली कागदावर चार इंचांची झाली तरी बिघडत नाही, शेजारचा तांब्या त्या हिशेबात बसला म्हणजे झालं. हे नातंच झालं की! लांबी-रुंदीत ते इतकं अंगवळणी पडलंय की त्याला वेगळं नाव द्यावंसं वाटत नाही. रंगाची वेळ आली की मात्र आपण सगळे पट्टी काढतो. दगड काळा, पान हिरवं, पाणी निळं.

आणि रंगात तर पट्टी चालायचीच नाही. पांढरा कागद आणि ट्यूबमधला काळा यांच्या उजळपणात फरक साधारण वीस पटींचा. उन्हातली पायरी आणि देवळाच्या दारातला अंधार यांच्यात तो सहज शेकडो पटींचा असतो. तेवढं ऊन कागदावर आणणार कुठून? हाती राहतो तो क्रम: कशापेक्षा काय उजळ, आणि किती.

आता पायऱ्या. सकाळी नऊचा सुमार. पिंपळाच्या दाट सावलीत कुणीतरी दोरीवर पांढरी चादर टाकली होती आणि तिच्या पुढ्यात पायऱ्या लख्ख उन्हात. मीही आधी तुम्ही म्हणता तसंच केलं. चादर पांढरी म्हणून कागद कोरा ठेवला, दगड काळा म्हणून अल्ट्रामरीन निळा आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून दाट वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा सपाट हात, दिला. पाच मिनिटांत चित्रातलं ऊन गेलं, आषाढातली दुपार झाली. डोळे बारीक करून पाहिलं, तरी कुठे चुकलं ते कळेना. मग पिशवीत एक जुनी लग्नपत्रिका होती, तिला शेजारी शेजारी दोन भोकं पाडली. एकातून चादर, दुसऱ्यातून पायरीचा माथा. भोकातून चादर ही चादर राहत नाही, नुसता रंगाचा ठिपका उरतो. तो ठिपका निळसर करडा होता. 'काळ्या' दगडाचा ठिपका त्याच्याहून उजळ, किंचित पिवळसर. पत्रिका खाली घेतली की चादर पुन्हा पांढरीशुभ्र. खरं वाटेना म्हणून तीन-चारदा वर-खाली केलं. शेजारी कपडे धुणाऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

उन्हात असो की सावलीत, चादर ओळखू यायला हवी, म्हणून मेंदू उजेडातला फरक परस्पर वजा करून टाकतो. एरवी ती सोयच. चित्र काढताना तेवढीच पंचाईत.

दुसरा कागद घेतला. पायऱ्यांच्या माथ्यांवर यलो ऑकर या मातकट पिवळ्याचा अगदी पातळ हात, उभ्या बाजू गडद, आणि चादरीला निळसर करडा वॉश. तोच कागद तुम्ही पाहिलात. तुमच्या प्रतिक्रियेत तिसऱ्या ओळीत एक वाक्य आहे, 'पांढरी चादर मात्र छान जमली आहे'. सर, ती चादर पांढरी नाहीये! पायऱ्यांच्या माथ्यांपेक्षा गडद आहे. फोटोत पिकर तुम्ही बहुधा पायरीच्या उभ्या बाजूवर टेकवलात. एकदा माथ्यावर टेकवा, मग चादरीवर. फोनचा कॅमेरा सावल्या आपल्या आपण उजळ करतो, तरीही चादरच गडद निघते. मी करून पाहिलंय.

ही चित्रकारांची हौस आहे असंही समजू नका. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगकामावर देखरेख करणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा रंग फिका दिसतो. त्यानं रंग तपासला तर तो उत्तम होता. दोष शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सोबतीचा. 1839 साली त्यानं यावर अख्खा ग्रंथ लिहिला.

दोन गोष्टी मात्र मान्य. त्या मजकुरात 'रंगांची नावं विसरा' हे मी जोशात लिहिलं. नवशिक्यानं ते शब्दशः घेतलं तर त्याला साधा करडाही मिसळता येणार नाही. ते वाक्य बदलते.

दुसरी, डोंगर. तो खरंच पुढे येतो. बाकी चित्र दहापर्यंत झालं होतं, डोंगर जेवून आल्यावर रंगवला, उजेड सरकलेला, आणि तेव्हा मी फक्त डोंगराकडेच बघत होते, पायऱ्यांकडे वळूनही पाहिलं नाही. काल ओला स्पंज फिरवून थोडा मागे ढकलायचा प्रयत्न केला. पण त्यात थॅलो ग्रीन हा कागदात मुरणारा हिरवा आहे, तो कागद सोडायला तयार नाही.