‘बनवली’ की ‘जुळवली’? : ‘एक जाणकार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

ऐरोलीच्या घराच्या गॅलरीत मी घडवलेल्या पहिल्या इलेक्ट्रिक गिटारविषयीच्या लेखाखाली आपण ‘एक जाणकार’ या नावाने लिहिलेली प्रतिक्रिया मी ती आली त्याच रात्री वाचली आणि मुद्दाम चार दिवस उत्तर दिले नाही. त्या रात्री जे लिहिले गेले असते ते माझ्या वाचकांसमोर मला शोभले नसते. चार दिवसांनंतर लिहिलेले तरी पूर्णपणे शोभेल, अशी हमी देत नाही.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. मी स्केल लेंग्थचा, म्हणजे नट (दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ते सॅडल (दुसऱ्या टोकाला ब्रिजवर तार टेकते तो पुढे-मागे सरकणारा तुकडा) या अंतराचा आकडा चुकीचा दिला. बॉडीसाठी शिवणीच्या लाकडाऐवजी साग वापरायला हवा होता. शिसवी फ्रेटबोर्डवर (दांडीवरची बोटे दाबायची पट्टी) ‘जागतिक बंदी’ असताना त्याचा कौतुकाने उल्लेख करणे बेजबाबदारपणाचे आहे. चित्रफितीत पहिली तार बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) किंचित उतरलेली ऐकू येते. तारांना हात लावला तरी अँप्लिफायरची गुणगुण कमी होत नाही, त्याअर्थी ब्रिजला, म्हणजे बॉडीवर तारा जेथे अडकवतात त्या भागाला, अर्थिंगची तार जोडलेली दिसत नाही. आणि शेवटी हे वाक्य, जे मी शब्दशः उतरवतो (नेक म्हणजे गिटारची दांडी, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारे कापयंत्र) : ‘तयार नेक आणून, सीएनसीवर बॉडी कापून घेऊन चार स्क्रू पिळणाऱ्याने “मी गिटार बनवली” असे म्हणू नये, फार तर “जुळवली” म्हणावे.’

आधी आकड्याचे पाहू, कारण तेथे आपले बरोबर आहे आणि बरोबर असेल ते बरोबर म्हणण्याची मला लाज वाटत नाही. साडेपंचवीस इंच म्हणजे ६४७.७ मिलिमीटर. मी ६५० लिहिले होते. लेखात दुरुस्ती केली आहे आणि तळाशी तशी नोंदही दिली आहे. चूक दाखवून दिल्याबद्दल आभार. मात्र २.३ मिलिमीटरच्या फरकापायी ‘ज्यांना इंच आणि मिलिमीटर कळत नाहीत त्यांनी करवत हातात धरू नये’ हा उपदेश करण्याची काही गरज होती का, याचा आपण एकांतात विचार करावा. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षे पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणे हे त्यांचे काम. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आक्रसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो आणि त्यासाठी कारागीर मुद्दाम वाढीव खुणांची वेगळी पट्टी बाळगतो, हे मला वर्गमूळ शिकवले जाण्याच्या आधीपासून ठाऊक आहे. त्यांचा गुण्या आणि दोन पटाश्या आजही माझ्या हत्यारांच्या पेटीत आहेत. तेव्हा मोजमापाचे संस्कार कोणी मला शिकवावेत, अशी परिस्थिती नाही.

आता त्या वाक्याकडे येतो. त्यातले पहिले विधान वस्तुस्थितीला धरून नाही. सीएनसीवर बॉडी कापून घेतलेली नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून मी ६ मिलिमीटर एमडीएफचा (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) केवळ साचा कापून आणला, हे लेखाच्या चौथ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. ज्याने लेख वाचला त्याला ते दिसले असते. बॉडी वखारीतून आणलेल्या शिवणीच्या दोन फळ्यांची आहे. त्यांच्या कडा मी रंधून, एकमेकींवर ठेवून, मागे दिवा धरून फटीतून उजेड येतो का ते पाहिले आणि येईनासा झाल्यावर सरस लावून, शिकंज्यांत आवळून त्या एक दिवस-रात्र ठेवल्या. बाह्याकार जिगसॉने कापून मग साच्याच्या कडेने राउटर, म्हणजे लाकूड कोरणारे हातयंत्र, फिरवला. हे काम आमच्या सोसायटीच्या सचिवांनी घालून दिलेल्या वेळेत, म्हणजे रविवारी अकरा ते एक या दोन तासांतच करता येत असे, कारण राउटरचा आवाज आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारा भुसा या दोन्हींवर लेखी तक्रार झालेली होती. सीएनसी यंत्राला अशी तक्रार सोसावी लागत नसावी.

नेकचा तळ ज्यात बसतो तो खिसा साधारण ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर खोल असतो. तो सैल झाला की नेक हलते, घट्ट झाला की पॉलिश तडकते. चांगल्या बसणीची जुनी कसोटी अशी, की स्क्रू न लावता नेक धरून उचलली तर बॉडी तिच्याबरोबर उचलली गेली पाहिजे. ही कसोटी लागेपर्यंत मी टाकाऊ लाकडाचे तीन तुकडे वाया घालवले. त्यानंतर मध्यरेषा. दोन्ही टोकांच्या खुंट्यांपासून ब्रिजपर्यंत दोरे ताणून ते फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर राहतात की नाही ते पाहायचे, कारण येथे अर्धा मिलिमीटर चुकला तर एका बाजूची तार वाजवताना फ्रेटवरून घसरते. आणि शेवटी ब्रिज : पहिल्या तारेचा सॅडल शक्य तितका पुढे, म्हणजे नटकडे, घेऊन, तेथून नटपर्यंतचे अंतर मी एकदा नव्हे, तीन वेळा मोजले, आणि तिन्ही वेळा ते कागदावर लिहिलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळले तेव्हाच ड्रिल हातात घेतले.

राहिले ते चार स्क्रू. मराठीत स्क्रू आवळतात, महोदय. पिळतात ते ओले कपडे. मेपलचे लाकूड इतके कठीण असते की आधी योग्य जाडीचे भोक पाडले नाही, तर स्क्रू अर्ध्यात तुटतो. माझा पहिला तुटला. तुटलेला तुकडा काढून, भोक बुजवून, नव्याने पाडून, उरलेल्या स्क्रूंच्या आट्यांना अंगाचा साबण चोळून (ही वडिलांची शिकवण) ते बसवण्यात एक संपूर्ण रविवार गेला.

नेक विकत आणली, हे मी कोठेही लपवलेले नाही. फ्रेटच्या जागा ठरवण्यासाठी उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागायची असते, त्यामुळे पहिला फ्रेट नटपासून ३६.३५ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर निम्म्यावर. गणित सोपे आहे. पण सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीच्या खाचा त्या जागी कापणे, त्यांत फ्रेट ठोकणे आणि ते सगळे एका पातळीत घासणे यासाठी लागणारी हत्यारे माझ्याकडे नाहीत. पहिल्याच गिटारीत ते अंगावर घेतले नाही, याला मी शहाणपणा म्हणतो, आपण लबाडी म्हणता.

पण मग ‘बनवणे’ या शब्दाचा आपला निकष आपण सगळ्यांना लावून पाहावा. फेंडर गिटार कंपनीचा संस्थापक लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पुढे ज्या गिटारला टेलिकास्टर हे नाव मिळाले, ती १९५० साली बाजारात आली तेव्हा तिची नेक बॉडीला चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी आवळलेली होती, जेणेकरून खराब झाली तर सहज बदलता यावी. खुंट्या क्लूसन या कंपनीकडून विकत घेतल्या जात. मग लिओ फेंडरने गिटार ‘जुळवली’ का? इतके लांब जायचे नसेल तर मिरजेला जाऊ. तेथला कारागीर तंबोऱ्यासाठी लागणारा भोपळा स्वतःच्या शेतात पिकवत नाही, तो पंढरपूरकडून येतो. तारा तो स्वतः ओढत नाही. पेटी करणारे कित्येक कारागीर सुरांच्या पितळी पट्ट्या गुजरातेतल्या पालिताण्याहून आणवतात. त्या माणसांसमोर उभे राहून ‘तुम्ही पेटी बनवत नाही, जुळवता’ असे म्हणण्याचे धाडस आपण कराल का? आणि केलेत, तर ते चहा विचारतील असे वाटते का?

आपण ‘क्वीन’ या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याचा दाखला दिला आहे. ‘त्याने वडिलांबरोबर सारी गिटार घरात बनवली, त्याला म्हणतात बनवणे.’ दाखला चांगला आहे, फक्त अर्धा आहे. १९६३ मध्ये त्या बापलेकांनी काम सुरू केले, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीपासून नेक कोरली, मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा ट्रेमोलोत (तारांचा ताण बदलून सूर हलवणारी यंत्रणा) वापरल्या, हे सगळे खरे. परंतु त्याने आधी स्वतः गुंडाळलेले पिकअप (तारेचे कंपन टिपून विजेच्या संकेतात बदलणारे भाग) मनासारखे वाजेनात, म्हणून पुढे बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत आणून बसवले, हेही तितकेच खरे. आता त्याला आपण काय म्हणणार आहात? तीन-चतुर्थांश बनवली आणि एक-चतुर्थांश जुळवली?

माझे पिकअपही विकत आणलेले आहेत. केसापेक्षा जाड नसलेल्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे मी का घातले नाहीत, असा प्रश्न आपल्या पुढच्या प्रतिक्रियेत येण्याआधीच हे सांगून ठेवतो. २५० किलोओहमची दोन पोटेन्शिओमीटर (आवाज आणि टोन कमी-जास्त करणारी, आत कार्बनची पट्टी असलेली बटणे) आणि टोनचा कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले. कार्बनची पट्टी मी घरी छापली नाही. आपण स्वतः आजवर किती गिटारी बनवल्या, हे प्रतिक्रियेत लिहिलेले नाही. ते विचारणे असभ्यपणाचे होईल, म्हणून विचारत नाही. मी मात्र गेली तेवीस वर्षे वाजवतो आहे, कॉलेजच्या गॅदरिंगला उधारीच्या गिटारवर वाजवून सुरुवात केली, आणि चौदाव्या वर्षी मामांच्या प्लायवूडच्या गिटारचा उखडलेला ब्रिज मी चिकटवून दिला होता, जो ती गिटार अडगळीत जाईपर्यंत जागचा हलला नाही.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवावा असे त्यांत काही नाही. साग शिवणीपेक्षा बराच जड असतो. तीन तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याला विचारा. शिसवीवर बंदी नाही. शिसवी ज्यात मोडतो त्या डाल्बर्जिया प्रजातीतल्या जवळजवळ सगळ्या झाडांचा २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला, याचा अर्थ सीमेपलीकडच्या व्यापाराला परवाना लागतो, इतकाच; आणि तयार वाद्ये व त्यांचे तयार भाग यांना २०१९ अखेरीपासून त्यातूनही सूट आहे. ‘जाणकार’ हे नाव घेणाऱ्याने परवाना आणि बंदी यांतला फरक जाणावा, एवढी अपेक्षा फार नसावी. गुणगुणीबद्दल म्हणाल, तर सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप गुणगुणतातच. अर्थिंगची तार आहे. ती ब्रिजखाली नीट दाबली गेली आहे का, ते मी सवडीने पाहीन.

बाराव्या फ्रेटवर पहिली तार उतरते, या निरीक्षणाबद्दल एवढेच सांगतो, की चित्रफीत जुलैमधली आहे, तारा दोन महिने जुन्या होत्या आणि खाडीकाठच्या त्या दमट हवेत पॉलिशसुद्धा दुधाळ पडले होते, मग तारांचे काय घेऊन बसलात. त्यानंतर मी नव्या तारा चढवल्या. फरक पडला. पूर्ण पडला असे म्हणत नाही. सॅडल आणखी पुढे घेऊन पाहिला असता. पण तो आधीच टोकाला टेकलेला आहे.

आता ‘आपण’ म्हणणे मला जड जाते आहे, म्हणून ‘तुम्ही’ म्हणतो. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. माझ्या लेखाखाली माझा अपमान सुरक्षित राहील. पण पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा आणि माणूस गॅलरीत गुडघ्यांवर बसून आठ महिने काही करत होता, हे लक्षात ठेवून लिहा. तुमच्या प्रतिक्रियेतली पहिली पाच वाक्ये शेवटच्या वाक्याशिवाय आली असती तर मी ती शांतपणे वाचली असती आणि कदाचित त्याच रात्री टेप घेऊन गिटारपाशी गेलो असतो.

टेप घेऊन मी काल गेलो. पाऊस पूर्ण थांबला की ब्रिज काढून, जुन्या भोकांत सरस लावलेल्या शिवणीच्या खुंट्या ठोकून तो सव्वादोन मिलिमीटर पुढे बसवणार आहे, आणि अर्थिंगची तारही तेव्हाच पाहीन. हे काम माझ्या यादीत आधीपासून होते. त्याचा तुमच्या प्रतिक्रियेशी काहीही संबंध नाही, याची कृपया नोंद घ्यावी.