‘चुकीचे पुस्तक दिले’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

आदरणीय ग्राहक,
सप्रेम नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की, रात्रीच्या प्रार्थनेसाठी आमच्याकडून घेतलेल्या ‘लिबेर उझुआलिस’ या कॅथलिक चर्चच्या लॅटिन गायनग्रंथाच्या पुनर्मुद्रित प्रतीतील स्तोत्रे आपल्या गटाच्या छापील मजकुराशी जुळत नाहीत, त्यांचे क्रमांकही एकाने मागे आहेत, आणि पाव तासाच्या प्रार्थनेसाठी दीड हजारांहून अधिक पानांचा ग्रंथ आपल्या माथी मारण्यात आला. अशीच अडचण इतर अनेकांनाही येते, म्हणून सविस्तर उत्तर येथेच देत आहे.

पुस्तक सदोष नाही. ते वेगळ्या प्रार्थनाविधीचे आहे. फ्रान्समधील सोलेमच्या मठाने सिद्ध केलेल्या या ग्रंथात पोप दहावे पायस यांनी 1911 साली केलेली स्तोत्रांची मांडणी आहे. तिच्यात रविवारी 4, 90 आणि 133 ही स्तोत्रे असून आठवड्याच्या इतर प्रत्येक दिवशी निराळी येतात. उदाहरणार्थ, बुधवारी दोन भागांत विभागलेले 33 वे आणि त्यानंतर 60 वे. कॅथलिक चर्चच्या उपासनेत सुधारणा घडवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1971 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘लितुर्जिया होरारुम’ या नव्या प्रार्थनाग्रंथात मात्र बुधवारी 30 व्या स्तोत्राची पहिली सहा वचने आणि 129 वे स्तोत्र आहे. आपण अभिप्रायात बुधवारचीच तक्रार केली आहे, त्यावरून आपला छापील मजकूर या नव्या विधीचा आहे, हे जवळजवळ निश्चित होते. आमच्या विक्रीपानावर हा ग्रंथ परिषदेपूर्वीच्या विधीचा असल्याचे नमूद आहे. तथापि, ‘परिषदेपूर्वीचा’ म्हणजे प्रत्यक्ष गाताना काय बदलते, हे नवख्या गायकाला त्या एका शब्दावरून उमगणे कठीण आहे, हे मला मान्य आहे.

क्रमांकांचे कारण याहून साधे आहे. लॅटिन पुस्तके व्हल्गेट या जुन्या लॅटिन बायबलची गणना पाळतात, तर आजची बहुतेक भाषांतरे हिब्रू गणना पाळतात. त्यामुळे दहाव्यापासून एकशे सत्तेचाळिसाव्यापर्यंतच्या बहुतेक स्तोत्रांत एकाचा फरक पडतो. पुस्तकातील 90 वे स्तोत्र म्हणजे आपल्या बायबलमधील 91 वे. चौथे स्तोत्र दोन्हीकडे चौथेच राहते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. रात्रीच्या प्रार्थनेसाठी पुस्तक निवडताना आधी आपला गट कोणता विधी गातो हे ठरवावे लागते, आणि चालींचा विचार त्यानंतर करायचा असतो. जुना रोमन विधी गाणाऱ्यांना ‘लिबेर उझुआलिस’ किंवा 1912 चे ‘अँटिफोनाले रोमानुम’ पुरेसे आहे. बेनेडिक्टाइन मठवासीयांच्या पद्धतीने गाणाऱ्यांसाठी 1934 चे ‘अँटिफोनाले मोनास्टिकुम’ आहे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार रात्री दररोज तीच तीन स्तोत्रे, तीही अँटिफनशिवाय (म्हणजे स्तोत्राच्या आधी-नंतर गायच्या छोट्या ओळीशिवाय), म्हटली जातात, म्हणून नव्याने गायला बसणाऱ्या गटाला हाच मार्ग सर्वांत सोपा, असे माझे स्पष्ट मत आहे. थोड्याच आठवड्यांत पुस्तक मिटूनही गाता येते. नवा विधी गाणाऱ्यांचे काम अवघड असते, कारण त्याचे शब्द आणि स्वरलिपी बराच काळ एका पुस्तकात एकत्र नव्हती. स्तवनगीतांच्या चाली 1983 च्या ‘लिबेर हिम्नारियुस’मध्ये आहेत. सर्व काही एकत्र हवे असेल, तर लॅटिन व फ्रेंच मजकुराचे तीन खंडांतील ‘लेझर ग्रेगोरियेन’ आहे. आणि केवळ रात्रीची प्रार्थना हवी असेल, तर इग्नेशियस प्रेसने 2010 साली काढलेले, लॅटिन व इंग्रजी मजकुराचे आणि ग्रेगोरियन (म्हणजे चर्चच्या पारंपरिक लॅटिन गायनातील) चालींचे सॅम्युएल वेबर यांचे पुस्तक आहे. आपल्या गटासाठी मी हे शेवटचे सुचवीन. ते हातात धरायलाही सोपे आहे.

तरीही आपल्याकडील प्रत परत करण्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा. नव्या विधीच्या सर्वसाधारण सूचनांच्या 88 व्या परिच्छेदात, ही प्रार्थना मुखोद्गत म्हणू इच्छिणाऱ्यांच्या सोयीसाठी, रविवारची स्तोत्रे इतर दिवशीही म्हणण्याची मुभा दिली आहे. ही स्तोत्रे म्हणजे शनिवारी रात्री 4 व 133 आणि रविवारी रात्री 90. अर्थात आपल्या ग्रंथातील रविवारचीच तीन. तेथील आठव्या स्वराची (ग्रेगोरियन गायनातील आठ स्वरप्रकारांपैकी शेवटच्याची) चाल एकदा बसली, की ती प्रत्येक रात्री वापरता येते. मात्र नव्या विधीच्या लॅटिन मजकुरात काही ओळींचे शब्द बदललेले आहेत, त्यामुळे कोणत्या अक्षरावर स्वर बदलायचा याच्या खुणा त्या ओळींपुरत्या आपल्या हाताने कराव्या लागतील. ‘ते लुचिस’ या स्तवनगीताचेही तसेच आहे: आपल्या ग्रंथात पोप आठवे अर्बन यांच्या काळात सुधारलेला पाठ आहे, तर नव्या विधीत दुसरे कडवेच वेगळे आहे. चाल तीच चालते. शेवटी गायची पवित्र मरियेची चार गीते, ज्यांत ‘साल्वे रेजिना’ही आले, साध्या आणि भारदस्त अशा दोन्ही चालींत तेथे आहेत, ‘एकच गीत दोनदा छापले आहे’ असे आपण लिहिले आहे, ते याच कारणाने.

ग्रंथाच्या आकाराविषयीची आपली नाराजी रास्त आहे. त्यात मिस्सा, सायंप्रार्थना आणि वर्षभराचे सण एकत्र असल्यामुळे, केवळ रात्री गाणाऱ्यासाठी त्यातील फार थोडी पाने उपयोगी पडतात.

प्रत कोरी असल्यास आम्ही ती बदलून देऊ आणि किमतीतील फरकही परत करू. त्याआधी आपल्या छापील मजकुरातील सोमवार आणि शुक्रवार या दोन दिवसांच्या स्तोत्रांचे क्रमांक मला कळवावेत. ते 85 आणि 87, किंवा हिब्रू गणनेने 86 आणि 88, असे असतील, तर वर सुचवलेले पुस्तक आपल्याला नक्की जुळेल. वेगळे असतील, तर दुसरे काही पाठवण्यापूर्वी मी स्वतः आपल्याशी बोलेन.

आपला नम्र,
दुकानाचा मालक